नवमीला निजलेली यंत्रं

१

त्या दिवशी अप्पांनी सकाळपासून वर्तमानपत्र उघडलं नव्हतं. नवमी होती. सरस्वतीपुढे पुस्तकं मांडली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत आमच्या घरात छापलेलं काहीही वाचायचं नाही, असा रिवाज. शाळेत असताना मला हा वर्षातला सगळ्यात सुखाचा दिवस वाटायचा. वाचनाचं वेड लागल्यावर तोच सगळ्यात लांबलचक झाला.

पुण्याहून मी सणापुरती तमिळ मुलखातल्या आमच्या घरी आले होते. हॉलमध्ये आईच्या कोलूच्या, नवरात्रात मांडायच्या बाहुल्या पायऱ्यापायऱ्यांवर बसल्या होत्या आणि स्वयंपाकघरातून सुंडलच्या चण्यांना दिलेल्या फोडणीचा, कढीपत्त्याचा वास येत होता.

"रुजू, येतेस सेंटरवर?" अप्पांनी विचारलं. "तिथंही आज वाचायला काही नाही."

आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या दिवशी अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीतून स्कूटरवरून जाणं हा माझ्या बालपणाचा मोठा सोहळा होता. फाटकाफाटकाला केळीचे खुंट बांधलेले, लेथ, प्रेस, लॉऱ्या, सायकली सगळ्यांच्या कपाळी गंधकुंकू. एरवी रात्रंदिवस धडधडणारी वसाहत त्या दुपारी अशी गप्प होई, की कावळ्यांचे आवाज ऐकू येत.

अप्पा म्हणजे डॉ. दिनानाथ राव. त्यांचं डायलिसिस सेंटर एका जुन्या यंत्रावर सुरू झालं, तेव्हा मी चौथीत होते. या भागातल्या रुग्णांना तोवर आठवड्यातून दोनदा शहरात जावं लागे. जाण्यातच निम्मा जीव जाई. गेल्या वर्षी अप्पांनी ते 'सप्तधारा' नावाच्या कंपनीला विकलं. मुंबईच्या गुंतवणूकदारांच्या पैशावर ही कंपनी अशी छोटी सेंटरं घेऊन एका छत्राखाली आणत होती. अप्पा मुख्य डॉक्टर म्हणून राहिले, पाटीवर त्यांचंच नाव राहिलं, आणि दोन नवी यंत्रं आली. मला हा व्यवहार आवडला नव्हता.

"पूर्वी दारात आलेल्या दोघांना नाही म्हणायचो," अप्पा म्हणाले होते. "आता एकाला म्हणतो. माझ्या तत्त्वापेक्षा तो एक माणूस मोठा आहे."

सेंटरवर दुपारीच काम थांबवलं होतं. तंत्रज्ञ रामस्वामी चारही यंत्रं पुसून त्यांना गंध लावत होता. देव्हाऱ्यासमोरच्या पाटावर स्टेथोस्कोप, नट आवळायचे पाने, थर्मामीटर आणि पाणी तपासायची पेटी मांडली होती. या पेटीतल्या औषधाचे थेंब पाण्यात टाकले आणि पाणी पिवळं झालं, तर त्यात क्लोरीन आहे असं समजायचं. अशा पाण्यावर डायलिसिस केलं तर रक्तातल्या पेशी फुटतात. म्हणून रोज पहिल्या रुग्णाआधी ही तपासणी होई.

मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बोअरचं पाणी वर खेचणारा जुना, पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर होता. रामस्वामीने त्याच्या चाकाला झेंडूची माळ गुंडाळली. अप्पांनी बादलीभर पाण्याने शेजारची यंत्रांच्या पाण्याची टाकी बाहेरून धुतली आणि चंदनाची वाटी घेऊन झाकणापासून खाली टाकीच्या अंगापर्यंत गंधाचं एक उभं बोट ओढलं. वर कुंकू टेकवलं. पूजेतल्या कशालाही दुसऱ्या सकाळच्या पुनःपूजेपर्यंत आमच्याकडे कुणी हात लावत नाही.

"सर, उद्या पाचची शिफ्ट आहे ना?" कौशिकने विचारलं. हा कंपनीचा मॅनेजर. ठाण्याचा, सहा महिन्यांपूर्वी आलेला. बूट काढून मोज्यांवर उभा होता आणि द्रोणातले चणे मोबाइलकडे बघत खात होता.

"उद्या साडेसहाला. मी येऊन पुनःपूजा करीन, पाणी तपासीन, मग."

"हेड ऑफिसला चार शिफ्टचे आकडे लागतात, सर."

"लागू देत. आज यंत्रं निजलीत."

"निजू देत की. गजर लावू का त्यांना?"

अप्पा हसले. रामस्वामी हसला नाही.

परतताना त्यांनी मुद्दाम लांबचा रस्ता घेतला. सिग्नलला थांबलो तेव्हा बाजूच्या बसच्या नाकावर लिंबं लोंबत होती. अप्पांच्या शर्टाच्या बाहीला चंदन लागलं होतं आणि वाऱ्याबरोबर त्याचा वास मागे येत होता.

२

दसऱ्याला अप्पा सहाच्या सुमारास निघाले. साडेदहाला फोन वाजला. सेंटरची मुख्य नर्स विमला बोलत होती, पण मला शब्द लागेनात. आईने माझ्या हातातून फोन घेतला, ऐकलं आणि कोलूच्या सगळ्यात खालच्या पायरीवर, बाहुल्यांशेजारी बसली.

तिथं काय घडलं ते तुकड्यातुकड्यांनी कळलं. पाचलाच शिफ्ट सुरू झाली होती. तीन रुग्णांना पाठीत कळा आल्या आणि धाप लागली, नळ्यांमधलं रक्त गडद झालं. अप्पा पोचले तेव्हा हे चालू होतं. त्यांनी यंत्रं थांबवली, तिघांना मोठ्या हॉस्पिटलात पोचतं केलं. तिघंही वाचले. मग ते आपल्या खुर्चीत बसले, विमलाकडे पाणी मागितलं, आणि ती पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्यानंतर कौशिक कंपनीच्या वकिलाला घेऊन घरी आला. आईने कॉफी ठेवली.

"आमची अंतर्गत चौकशी पूर्ण झाली," वकील म्हणाला. "पाण्यात क्लोरीन फार होतं. टाकीशेजारी बादली सापडली. आदल्या दिवशी दिवंगत डॉक्टरांना बादली घेऊन टाकीकडे जाताना वॉचमनने पाहिलं. ब्लीचिंग पावडर टाकून टाकी धुतली आणि नंतर पाणी सोडून द्यायचं राहून गेलं, असा निष्कर्ष आहे. वयाच्या मानाने होतं असं. आम्ही कोर्टात जाणार नाही. फक्त पाटी बदलावी लागेल. आणि रुग्णांच्या नातेवाइकांना कारण सांगावं लागेल."

कौशिक खाली फरशीकडे बघत होता.

आईने त्यांच्यापुढचे दोन्ही टंबलर उचलले. दोघांनी अजून तोंडही लावलं नव्हतं.

"पोचवून ये त्यांना," ती मला म्हणाली. दार लागल्यावर तिने हातातले टंबलर ओट्यावर ठेवले. "अमरसिंहांना बोलाव."

३

अप्पांचे जुने मित्र अमरसिंह काका आवडी गावच्या संरक्षण कारखान्यातून निवृत्त झाले होते. तयार झालेल्या रणगाड्यात कुठे चूक राहिली ते शोधणं हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. आमच्यासारखंच त्यांचंही घराणं तंजावरचं. त्यांच्या तोंडून आमची जुनी मराठी ऐकली की पुण्यात कमावलेली माझी मराठी मला उसनी वाटायला लागते.

"अस्क सांग," ते म्हणाले. आमच्याकडे 'सगळं' याला 'अस्क' म्हणतात. "दिनूनं केलं असंल तर तेही कळू दे. तुला चालंल ना?"

गेल्या वर्षभरात अप्पा चष्मा विसरत, गॅस विसरत. आई ते लपवायची, मला ते ठाऊक होतं.

"चालेल," मी म्हटलं.

"सरी," ते म्हणाले, म्हणजे बरं. "मग पहिला रामस्वामी."

रामस्वामीचं घर वसाहतीच्या मागेच होतं. त्याच्यावर संशय घ्यायला जागा होती. सेंटर विकल्यापासून तो धुमसत होता, आणि कंपनी बुडाली तर बरं, असं चारचौघांत म्हणाला होता.

"म्हणालो होतो," तो म्हणाला. "उद्याही म्हणेन. डॉक्टर असताना दर दीड-दोन महिन्यांनी कार्बन फिल्टर बदलायचो. कंपनी आली, म्हणे सगळ्या शाखांचे फिल्टर वर्षातून एकदा, एकदमच बदलू, स्वस्त पडतं. क्लोरीन धरायचं काम त्या फिल्टरचं. तो थकला की पाणी तसंच पुढे. डॉक्टर तीनदा बोलले त्यांना."

"पण क्लोरीन आलं कुठून?" काकांनी विचारलं. "बोअरच्या पाण्यात तर नसतं."

"नसतं. म्हणूनच तर मला काही समजत नाही."

"नवमीला कॉम्प्रेसर कधी थांबवलास?"

"दुपारी. माळ घातली त्याच्या आधी."

"टाकी भरून घेऊन?"

"नाही. चारही यंत्रं आणि फरशा धुतल्या होत्या. टाकी अर्ध्याच्याही खाली होती. डॉक्टर म्हणाले, सकाळी पुनःपूजेनंतर चालू करू, भरेल तासाभरात."

"त्या संध्याकाळी कुणी तुला तो चालू करायला सांगितला?"

सरांना रामस्वामी 'सार' म्हणायचा. "मॅनेजर सारनी. मी म्हटलं, उद्या. ते म्हणाले, स्विच कुठाय ते तरी दाखव. मी म्हटलं, सार, माळ घातलीय. आणि घरी आलो."

४

विमलावरही संशय घेता आला असता. गिंडी भागातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात तिला नोकरी मिळाली होती. त्या वेळी तिचे अंबत्तूरमधले शेवटचेच काही दिवस चालू होते. तिने आम्हांला बसवलं, फळीवरून डबा काढला आणि मुरुक्कू, म्हणजे चकलीसारखे तुकडे, पुढे केले. अप्पांना आवडायचे तसले, बटर घातलेले.

"पाचला इथलं कुणीच नव्हतं," ती म्हणाली. "मॅनेजर सारनी कंपनीच्या गिंडीच्या शाखेतून दोन पोरं आणली होती. पाणी तपासलं का, म्हणून नंतर मी विचारलं, तर म्हणाले, पेटी पूजेत होती, अक्का. आम्हांला वाटलं तुम्ही लोकांनी तपासूनच ठेवली असेल."

"पूजेतली पेटी उचलली नाही त्यांनी?"

"कशी उचलतील? पुनःपूजा झाली नव्हती."

काकांनी मान डोलावली, जणू याहून स्वाभाविक काही नव्हतंच.

"डॉक्टर आणि मी एकाच वेळी फाटकात आलो. त्यांनी आतला आवाज ऐकला आणि धावले. मी त्यांना कधी धावताना पाहिलं नव्हतं. स्वतः चिमटे लावून नळ्या बंद केल्या. मग पेटी उचलली, नळाचं पाणी घेतलं, थेंब टाकले." तिने डब्याचं झाकण लावलं. "हळदीच्या पाण्यासारखं झालं."

"नंतर?"

"म्हणाले, हे पाणी इथं एक क्षणही ठेवू नका. मी मागे जाऊन टाकीचा खालचा व्हॉल्व्ह उघडला. काय ते पाणी! सगळी गल्ली भरून चहाच्या टपरीपर्यंत गेलं. टपरीवाला शिव्या देत बाकं उचलत होता."

"झाकण उघडलंस?"

"नाही. वर हात कशाला लावू?"

बाहेर आल्यावर काका रस्त्याच्या कडेला उभे राहिले. मुरुक्कूचा तुकडा अजून त्यांच्या हातात होता.

"पोरी, अर्ध्या टाकीतनं डायलिसिस चाललं तासदीडतास. राहिलेल्या पाण्यानं गल्ली भरंल का?"

५

सेंटरला कंपनीचं कुलूप होतं, पण मागच्या शेडकडे जाणारं फाटक नुसतं लोटलेलं होतं. लहानपणी मी इथं बाहुल्या घेऊन खेळायचे. शेडमध्ये नेहमी ओल्या सिमेंटचा गारवा असे. अजूनही होता.

काका आधी कॉम्प्रेसरपाशी वाकले. झेंडूची माळ चाकाला होती तशीच गुंडाळलेली, वाळून तपकिरी झालेली. बोट लावताच तिचा चुरा झाला.

"पट्टा एकदा फिरला असता तर ही माळ भिंतीवर चिकटली असती," ते म्हणाले. "म्हंजे बोअरचं पाणी आलं नाही. पण टाकी भरली. सरी. आता ये इकडं. तू बघ, मी सांगत नाही."

मी टाकीभोवती फिरले. गंधाचं उभं बोट टाकीच्या अंगावर होतं. शेडखाली असल्यामुळे पावसाचा थेंबही त्याला लागला नव्हता. वर जाता जाता ते काठाशी येऊन तुटलं होतं. झाकणावर त्याच्या जागी काहीच नव्हतं. मी पलीकडे गेले. गंधाचा उरलेला भाग, वरच्या कुंकवासकट, झाकणाच्या दुसऱ्या बाजूला होता.

मी परत पहिल्या बाजूला आले.

"कुणीतरी झाकण काढलं," मी म्हटलं. "आणि परत लावताना फिरवून लावलं."

"कधी?"

"गंध लावून झाल्यावर. वाळल्यावर. ओलं असतं तर फरकटलं असतं." मी बोलत गेले तसं मला दिसत गेलं. "अप्पांनी ब्लीचिंग टाकायचं असतं तर धुताना टाकलं असतं, आणि गंध त्यानंतर लावलं. मग ते अखंड राहिलं असतं. नंतर परत येऊन टाकलं म्हणावं, तर ते माझ्याबरोबर घरी होते, सकाळपर्यंत."

"अजून."

"गंध लावलेलं झाकण पुनःपूजेआधी अप्पा उघडणार नाहीत. रामस्वामी नाही, विमला नाही. गिंडीच्या पोरांनी तर साधी पेटी उचलली नाही. या आवारात ते झाकण उघडणारा एकच माणूस असू शकतो. ज्याला तो नुसता रंगाचा डाग वाटला."

"आणि त्याला काय पायजे होतं?"

"पाणी. पाचच्या शिफ्टसाठी. कॉम्प्रेसर कुणी लावून देईना." मी काकांकडे पाहिलं. "पाण्याची लॉरी."

काकांनी खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला. त्या दिवसांत शहरात जुलाबाची साथ होती आणि टँकर लॉरीवाले पाण्यात क्लोरीन पावडर सढळ हाताने ओतत होते. आमच्या घरच्या हंड्यालाही तो उग्र वास यायचा.

"तुझा बाप बाहेरच्या पाण्यावर डायलिसिस कधी करायचा नाही," ते म्हणाले. "आता त्या मुलाकडं जायचं. रागानं नको. मला त्याच्या तोंडनं ऐकायचंय."

६

कौशिक गिंडीच्या ऑफिसात काचेच्या खोलीत बसला होता. आम्हांला पाहून तो उठला आणि मग उठल्याचं काय करावं ते न सुचून उभाच राहिला.

"लॉरी कुठून बोलावलीस?" काकांनी विचारलं.

तो नाही म्हणेल असं मला वाटलं होतं.

"पाडीहून," तो म्हणाला. "वॉचमन त्याच्या रिक्षाच्या पूजेला गेला होता. फाटक मीच उघडलं. झाकणही मीच काढलं. मॅडम, मला खरंच माहीत नव्हतं लॉरीच्या पाण्यात एवढं असतं ते. पाणी म्हणजे पाणी. आणि फिल्टर आहे म्हटलं, तपासणी रोज होते म्हटलं."

"पेटी पूजेत होती," मी म्हटलं.

"ते मला कोण सांगणार? मी विचारलं तर सगळे हसत होते. डायलिसिस सेंटरची मोटर पूजेला बसवतात आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. हे मी हेड ऑफिसला काय सांगू? ते म्हणतात, चौथी शिफ्ट कुठाय?" तो बोलतच राहिला. "त्या चौथ्या शिफ्टमध्ये बारा माणसांची सोय होणार होती. डॉक्टरांनीच काढून दिली होती त्यांची नावं. तेच म्हणाले होते, लवकर सुरू कर बाबा."

मला हे माहीत नव्हतं. माझ्या मनात मी एक लुच्चा मुलगा तयार करून आणला होता, आणि समोर मोज्यांवर चणे खाणारा तोच पोरगा उभा होता.

"चूक झाली ती एक," काका म्हणाले. "यंत्रं निजवणारे आम्ही, ती उठवणारा तू, आणि फिल्टर वर्षातनं एकदा बदलणारे ते. ती अस्क मिळून वाटून घेऊ. पण मेलेल्या माणसाच्या डोक्यावर बादली कुणी ठेवली?"

"वकील म्हणाले, डॉक्टर आता नाहीत, त्यांना काय फरक पडतो?"

"तुला पडला का?"

कौशिक खाली बसला. "मी त्यांच्या घरी कॉफी प्यायला नाही त्या दिवशी," तो म्हणाला. "प्यायची हिंमतच झाली नाही."

त्याने त्याच आठवड्यात कंपनीला सगळं कळवलं आणि राजीनामा दिला. कंपनीने निष्कर्ष मागे घेतला, पाटी राहिली. फिल्टर कधी बदलायचा हे ज्या त्या सेंटरने ठरवावं, असंही ठरलं. सेंटर पुन्हा सुरू होणार होतं आणि चौथी शिफ्टसुद्धा.

७

पुण्याला जायच्या आदल्या दिवशी मी समुद्रकाठच्या एन्नोरला गेले. त्या सकाळच्या तिघांपैकी दोघांना काकांनी खरं कारण सांगितलं होतं. तिसरी तुळसी, मासे विकणारी. हॉस्पिटलातून नुकतीच घरी आली होती. हे काम मी मागून घेतलं होतं.

वीजकेंद्राच्या चिमण्यांच्या बाजूला वस्ती होती. घरासमोर जाळी वाळत घातली होती आणि तुळसी पायरीवर उन्हाला बसली होती. तिचा मुलगा आधीच रस्त्यापर्यंत मला गाठायला आला.

"अक्का, तिला डॉक्टरांचं सांगितलेलं नाही," तो हळूच म्हणाला. "फार अशक्त आहे."

मी तिच्याजवळ बसले. कोण मी, ते सांगितलं. तिने माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"नाक त्यांचंच," ती तमिळमध्ये म्हणाली. "हॉस्पिटलात एकदाही आले नाहीत तुझे अप्पा. मी म्हटलं, रागावले असतील. पाचला यायचं नव्हतं, त्यांनी साडेसहा सांगितलं होतं. त्या मॅनेजर पोराचा फोन आला आणि मी लवकर गेले. माझंच चुकलं, अम्मा. त्यांना सांग, यापुढे ते म्हणतील तेव्हाच येईन."

मुलगा तिच्या मागे उभा राहून मान हलवत होता.

इतक्या दिवसांत कितीतरी माणसं येऊन गेली होती. त्यांना आईने सांगितलं, काकांनी सांगितलं, फोनवर शेजारच्या कुमुदिनी मामींनी सांगितलं. मी 'तो दिवस' म्हणत होते, 'ते झाल्यावर' म्हणत होते, टाकीबद्दल, माळेबद्दल, लॉरीबद्दल बोलत होते. आता शोधायचं काही उरलं नव्हतं. आणि ही बाई, स्वतःला दोष देत, त्यांच्या रागाची वाट बघत बसली होती.

"ते रागावलेले नाहीत," मी तिचा हात हातात घेऊन म्हटलं. "तुमचं काही चुकलेलं नाही. पाणी खराब होतं. त्यांनी धावत येऊन तुमचं यंत्र थांबवलं, तुम्हांला गाडीत घातलं." पुढचं तमिळमध्ये येईना. ते मी आमच्या भाषेत म्हटलं. तिला कळलं.

"आणि मग माझे अप्पा वारले."